दुकानातल्या संगणकाची इशारा पातळी कोण सांगणार?

सांगली, मिरज आणि कुपवाड येथील व्यापारी, अडते, लघुउद्योजक आणि औषध विक्रेते यांच्या संघटनांच्या सर्व पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेचे मोफत अपडेट देणे थांबवले. पुढच्याच आठवड्यात लक्ष्मीपूजन होते. पेढ्यापेढ्यांवर वह्यांबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागले, कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या. त्यातल्या बऱ्याच मशीनना शेवटचे अपडेट मिळून गेले होते, हे पूजा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ही तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर झालेली होती. तरी आपल्या कुठल्याही संघटनेच्या ग्रुपवर तिच्याबद्दल एक ओळ आलेली माझ्या पाहण्यात नाही. रिटर्नची मुदतवाढ येते, व्यवसाय कराची आठवण येते, स्नेहमेळाव्याचे निमंत्रण तर तीनदा येते. हे आले नाही, म्हणून हे पत्र.

मी संगणकतज्ज्ञ नाही, खाती लिहिते. दिवसा एका कर सल्लागारांच्या ऑफिसात आणि संध्याकाळी फिरतीवर: गणपती पेठेतली एक पेढी, मार्केट यार्डातली एक अडत, कुपवाडचे एक वर्कशॉप, मिरजेतले एक औषध दुकान. मालकाला फक्त आपले मशीन माहीत असते, मला अनेकांची माहीत आहेत. सगळीकडे चित्र जवळपास सारखे आहे. पासवर्ड म्हणजे फर्मचे नाव आणि पुढे १२३. तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. राउटर बसवून देणाऱ्याने जो पासवर्ड ठेवला तोच आजही. कोपऱ्यात अपडेटची खूण आली की "आत्ता नको, गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून ती बाजूला सारायची. गिऱ्हाईक खरोखरच उभे असते, त्यामुळे मालकाला दोष देणे मला जड जाते.

पुराचे गणित सांगलीकराला शिकवावे लागत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आले की इशारा, ४५ ला धोका. आकडा कानावर पडला की मारुती रोडवरचा दुकानदार कुणाला न विचारता माल माडीवर चढवू लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि अनेकांचा अंदाज चुकला, ते खरे. पण आकडा प्रत्येकाला माहीत होता आणि तो मोठ्याने सांगणारी माणसे होती. संगणकाच्या बाबतीत तसे सांगणारे कोणी नाही. १४ ऑक्टोबर ही आपली ४० फुटांची तारीख होती. त्या दिवशी काही बुडाले नाही, म्हणून कोणाचे लक्ष गेले नाही.

अपडेट न केल्याने काय होते याचे सगळ्यात ढळढळीत उदाहरण मे २०१७ चे आहे. वॉनाक्राय नावाचा व्हायरस तेव्हा जगभर पसरला. संगणकातल्या फाइल कुलूपबंद करायचा आणि सोडवायला खंडणी मागायचा. आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यात सापडले. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरत होता, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिले होते, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते टाकले होते त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही. विंडोज १० मध्ये यापुढे असे भोक सापडले, तर ज्याने जादा सोय घेतलेली नाही त्याच्यासाठी ते बुजवायला कोणी येणार नाही.

ती जादा सोय काय, तेही कोणी सांगत नाही. घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतात. व्यवसायाच्या मशीनसाठी ते पैसे भरून तीन वर्षांपर्यंत मिळतात, पण दर दरवर्षी दुप्पट होतो. विंडोज ११ वर जायचे तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. पुण्याहून सेकंडहँड आणलेली बरीच मशीन इथे अडकतात. काही हार्डवेअरवाले पळवाट काढून जुन्या मशीनवरही विंडोज ११ चढवून देतात. त्यावर पुढे अपडेट येतीलच याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे पैसे गेले आणि मूळ दुखणे तिथेच. "घेताना कितव्या पिढीचे मशीन आहे ते विचारा" एवढे एक वाक्य आपण सभासदांना कळवले असते, तरी दिवाळीत झालेली काही खरेदी वाचली असती.

आता अवघड विषयाकडे येते, आणि इथे काही मंडळी रागावतील. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशिवाय आपल्या बाजारात रोजमेळ निघत नाही, आणि त्यातली किती टॅली विकत घेतलेली आहे हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. "क्रॅक (म्हणजे परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवणारी चोरवाट) टाकून देतो, कशाला पैसे घालवता" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता त्याचे काही वाटत नाही. कायद्याचा आणि नीतीचा मुद्दा आहेच, पण तो क्षणभर बाजूला ठेवा. क्रॅक टाकताना बहुतेक वेळा पहिली सूचना काय असते? ॲन्टीव्हायरस बंद करा. मग कोणी बनवला हे माहीत नसलेला एक प्रोग्रॅम पूर्ण अधिकार देऊन चालवायचा. त्याच मशीनवरून आपण बँकेचे आरटीजीएस करतो. वर अपडेट आले की क्रॅक तुटतो, म्हणून टाकणारा माणूस जाताना अपडेट कायमचे बंद करून जातो. मालकाला वाटते मशीन शांत चालले आहे, काही विचारत नाही, किती बरे झाले.

टॅलीतून थेट ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, काढायला परवाना चालू लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या वार्षिक उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे, आणि हंगामात ५ कोटी ओलांडणे हळदीच्या किंवा बेदाण्याच्या अडत्याला अवघड नाही. क्रॅकवाल्या पेढीवर बिचारा दिवाणजी फाइल काढून पोर्टलवर चढवत रात्री दहापर्यंत बसतो. त्याच्या वेळेची किंमत कोणी मोजत नाही, नाहीतर परवाना कधीच स्वस्त ठरला असता.

हार्डवेअरवाल्या मुलांबद्दल मला वाईट बोलायचे नाही. रात्री नऊला फोन केला तरी येणारी तीच असतात. पण एक मुलगा चाळीस दुकाने बघतो, सगळीकडे एनीडेस्क हे दुरून संगणक चालवायचे सॉफ्टवेअर टाकून ठेवतो आणि सगळ्यांना एकच पासवर्ड देतो. त्याचा एक फोन किंवा लॅपटॉप चोरट्याच्या हाती लागला की चाळीस दुकाने एकदम उघडी. ही कल्पनेतली भीती नाही. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या, सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले आणि देशातल्या जवळपास ३०० लहान बँकांचे ग्राहक काही काळ यूपीआय व एटीएमविना राहिले. पुरवठादार एक होता, खोळंबले सगळे. एनीडेस्कबद्दल तर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ते वापरूच नका असे मी म्हणत नाही. काम झाले की बंद करा, आणि पुढच्या वेळी मालकाने "हो" म्हटल्याशिवाय ते जोडले जाणार नाही अशी सेटिंग ठेवा.

ओटीपीची तऱ्हा तर विचारू नका. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर ओटीपीही, सक्तीची झाली. चांगली गोष्ट झाली. पण ओटीपी येतो मालकाच्या फोनवर, मालक असतात लग्नाला नगरला, ट्रक उभा असतो यार्डाच्या फाटकात. मग ओटीपी व्हॉट्सॲपवर, कधी फर्मच्या ग्रुपवरच. त्या ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेली माणसे अजून असतात. खरे तर पोर्टलवर प्रत्येक माणसासाठी वेगळा उपवापरकर्ता करता येतो, त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो, आणि माणूस सोडून गेला की तेवढे नाव बंद करता येते. थोडा वेळ बसून करायचे काम आहे. मी जिथे करून दिले तिथे मालकांचा पहिला प्रश्न होता, "हे आधी कुणी सांगितलं का नाही?" तोच प्रश्न मी आपल्याकडे पाठवते आहे.

काही जुनी मशीन मात्र बदलता येत नाहीत, हे मला मान्य आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये पानाची मांडणी करणारे जुने पेजमेकर आणि मराठी अक्षरांची जुनी श्रीलिपी त्या एका मशीनवरच चालते. कुपवाडमध्ये सीएनसी या संगणकाने चालणाऱ्या यंत्राला जोडलेला संगणक विंडोज एक्सपी या फार जुन्या आवृत्तीवर आहे आणि ते यंत्र बनवणारी कंपनी नवे सॉफ्टवेअर द्यायला तयार नाही. वजनकाट्याचेही तसेच. अशा मशीनचे इंटरनेट काढून टाका. केबल काढा, वायफाय बंद करा, त्यावर मेल उघडू नका. फाइल न्यायची असेल तर आधी अपडेट असलेल्या मशीनवर पेनड्राइव्ह तपासून मग न्या. पेनड्राइव्ह ही आमच्या धंद्यातली साथ पसरवणारी चीज आहे. ३१ मार्चच्या सुमारास सांगलीतला अर्धा डेटा खिशातून हिंडत असतो, आमच्या ऑफिसातल्या टेबलावर तर त्यांची रास पडते.

आता पैशाचे. हळद आणि बेदाणा इथून दूरच्या राज्यांत जातो. भाव फोनवर ठरतो, बिल मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर जाते. समजा एखाद्या अडत्याच्या मेलचा पासवर्ड चोराला मिळाला. तो लगेच काही करत नाही. वाचत बसतो. मोठे बिल दिसले की त्याच मेलवरून, त्याच भाषेत, खरेदीदाराला कळवतो की आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळी पैसे नव्या खात्यावर टाका. खरेदीदार इमानदारीने टाकतो. मग महिनाभराने अडत्या उधारीचा तगादा लावतो, खरेदीदार पावती दाखवतो, आणि वीस वर्षांचे संबंध तुटतात. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचे पैसे, मात्र अडत्याला द्यावीच लागते. यावरचा उपाय एका वाक्याचा आहे: खाते बदलल्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून आवाज ओळखून खात्री करायची, निरोपात आलेल्या नंबरवर कधीच नाही. आणि मेलला दुहेरी पडताळणी लावायची. हा नियम संघटनेच्या लेटरहेडवर निघाला तर समोरचा व्यापारी "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणून रुसणार नाही. एकट्या अडत्याने विचारले तर रुसतो, हे मी पाहिले आहे.

पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तत्काळ फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता आले तरच काही हाती लागते. आधी भावाला, मग मेहुण्याला, मग ओळखीच्या हवालदाराला फोन करण्यात जी दुपार जाते, तिच्यातच पैसे जातात. हा क्रमांक किती दुकानांच्या काउंटरवर लावलेला आहे, एकदा बाजारातून चक्कर मारून पाहा.

बॅकअपबद्दल सांगली सोडून दुसऱ्या गावाला पत्र लिहिले असते तर मी समजावत बसले असते. इथे २००५, २०१९ आणि २०२१ अनुभवलेली माणसे आहेत. संगणक ओला झाला, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, अशा कहाण्या प्रत्येक पेठेत आहेत. खंडणीचा व्हायरसही तेच करतो. मशीनला कायम जोडून ठेवलेली हार्डडिस्क तो मशीनबरोबरच कुलूपबंद करतो. म्हणून एक प्रत जोडलेली नसावी आणि एक या इमारतीत नसावी. विश्रामबागेतल्या घरी ठेवा, क्लाउडवर ठेवा, सासुरवाडीला ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी ती उघडून पाहा. एका पेढीवर रोज न चुकता बॅकअप घेतला जात होता. गरज पडली तेव्हा कळले की कंपनीचे फोल्डर बदलल्यापासून रोज जुन्याच फोल्डरची नक्कल निघत होती. दिवाणजी प्रामाणिक होते, रोज बटण दाबत होते.

मिरजेतल्या छोट्या दवाखान्यांचा आणि लॅबचा विषय मोठा आहे, त्यावर इथे थोडेच. रुग्णाचे नाव, आजार, मोबाइल हे सगळे ज्या मशीनवर असते, तेच बहुतेक वेळा सगळ्यात जुने मशीन असते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. डेटा सुरक्षित न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गल्लीतल्या लॅबला कोणी २५० कोटी मागणार नाही, हे मलाही कळते. पण कायदा आपल्यासाठी नाहीच, असे समजून बसण्यासारखी स्थितीही नाही.

हे सगळे मी मालकांना एकेकटे सांगत आले आहे. त्याने होत नाही. पाच माणसांच्या पेढीला स्वतंत्र संगणकाचा माणूस परवडत नाही आणि परवडायची गरजही नाही. पण दोनशे-तीनशे सभासदांची संघटना दोन चांगली माणसे करारावर ठेवू शकते. करारात लिहून घ्या: प्रत्येक दुकानाचा पासवर्ड वेगळा, चोरीचे सॉफ्टवेअर टाकणार नाही, काम झाल्यावर रिमोट बंद. आज हिंडणाऱ्या मुलांनाच प्रशिक्षण देऊन त्यांना हे काम द्या, त्यांचाही संसार चालायला हवा. परवाने आणि मशीन एकत्रित मागवली तर विक्रेता दरात खाली येतो. पोती आणि बारदान घेताना आपण हेच करतो. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. त्या आठवड्यात ग्रुपवर एक संदेश: दुकान बंद करताना आज अपडेट लावून मशीन चालू ठेवा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मशीन साफ करण्याची मोफत साधने मिळतात, तेही त्यातच कळवा. लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडू नका, हे तर दर लग्नसराईला सांगावे लागेल, कारण आपल्याकडे खऱ्या पत्रिकाही व्हॉट्सॲपवरच येऊ लागल्या आहेत.

खर्चाचे कारण आपण द्याल. संघटनेच्या वार्षिक सभेत शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि जेवण यांवर काय जाते याचा ताळेबंद माझ्यासारखीनेच लिहिलेला असतो. जेवण राहू द्या. स्मृतिचिन्हे तेवढी एक वर्ष टाळा.

पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर अर्ध्या तासाचा हा विषय घ्यावा, एवढी विनंती आहे. मी एका पानाचा तक्ता तयार केला आहे: मशीनवर कोणते विंडोज आहे, टॅलीचा परवाना आहे का, बॅकअप कुठे ठेवला जातो, तो शेवटचा कधी उघडून पाहिला, पासवर्ड कोणाकोणाकडे आहे. पासवर्ड लिहायचा नाही, फक्त कोणाकडे आहे ते. वर फर्मचे नावही टाकू नका, म्हणजे लोक खरे लिहितील. तक्त्याच्या प्रती मी आणते, भरून आलेले कागद मीच मोजून देते. तारीख मात्र मार्चच्या आधीची ठेवा. त्यानंतर आम्ही खाती लिहिणारी मंडळी मे महिन्यापर्यंत कोणाच्या सभेला येत नाही.

आपली विश्वासू,
एक हिशेबनीस
विश्रामबाग, सांगली